अक्का आणि श्रीनूचा ऑस्कर

माशाला खायला घालायच्या आधी अक्का तीन वेळा हात धुवायच्या. आधी साबणानं, मग नुसत्या पाण्यानं आणि शेवटी माशासाठी वेगळ्या ठेवलेल्या पाण्यानं. कुंभारीतल्या त्यांच्या कामगार वसाहतीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे शेजारणींच्या डोळ्यांत हे हात धुणं सलायचं. पण अक्का विड्या वळायच्या. दिवसभर मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोटांची तंबाखू पाण्यात गेली की मासा मरतो, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यानंतर त्यांचा हात कधी चुकला नाही. चुकलो तो मी.

सोलापुरात माझं रंगीत माशांचं छोटं दुकान आहे. अक्का पहिल्यांदा आल्या त्या पाण्यानं भरलेली बाटली घेऊन. मला वाटलं, उन्हाचं प्यायला आणलं असेल. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, हे पाणी बघा की. मासा जेवत न्हाय." वयानं मी त्यांच्या मुलाएवढा, पण दुकानदार म्हणून त्या मला शेवटपर्यंत अण्णाच म्हणाल्या. मी पाणी तपासलं. पाण्यात काही दोष नव्हता.

मासा खरं तर श्रीनूचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. ऑस्कर जातीच्या माशाचं अंगठ्याएवढं पिल्लू त्यानं माझ्याच दुकानातून नेलं होतं. इथलं काम सुटल्यावर तो भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला आणि मासा आईकडे ठेवून गेला. सुरुवातीला फोन यायचे आणि फोनवर आईच्या आधी माशाची चौकशी व्हायची. मग फोन कमी झाले, मग बंदच झाले. भिवंडीहून आलेला एक जण म्हणाला, तो काम सोडून गेला. कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. पोलिसांत तक्रारीचा कागद देऊन झाला. अक्कांच्या हाती राहिला तो वीतभर वाढलेला, काळसर अंगावर तांबूस डाग असलेला मासा. त्याला त्या 'बिड्डा' म्हणायच्या. त्यांची घरची भाषा तेलुगू, आणि बिड्डा म्हणजे लेकरू.

"श्रीनू आल्यावर पयलं काय इचारील?" त्या मला म्हणायच्या. "आई, कशी हायस, असं न्हाय इचारणार. मासा कुटंय म्हणंल. तवा दाखवायला पायजे का नको?"

ऑस्कर माणूस ओळखतो. रुसतोही. तळाशी आडवा पडून राहतो, अन्नाकडं बघत नाही. श्रीनू गेल्यावर त्याचं तसंच झालं होतं. अक्का दर आठवड्याला बसनं यायच्या, कधी मेथीची भाजी आणायच्या, कधी दोन कडक भाकरी, आणि एकच मागणं करायच्या. "त्याला सोबत द्या की अण्णा." मी समजावायचो, हा एकटा राहणारा मासा आहे, याच्या टाकीत दुसरा घालायचा नसतो. त्या ऐकून घ्यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "एकटं राहून कुणाचं बरं झालंय ते सांगा."

एक दिवस मला तो नकार देवेना. शिवाय एक गोष्ट मला ठाऊक होती. लहानसा चपळ मासा समोर फिरत राहिला की रुसलेला मोठा मासा कधी कधी हलायला लागतो. मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कन्व्हिक्ट जातीची एक मादी पिशवीत घालून दिली. दोन्ही सिक्लिड कुळातलेच, पण जाती वेगळ्या आणि स्वभावही. जेमतेम दोन बोटांएवढी होती ती. ऑस्करनं हिला गिळू नये एवढीच मला काळजी होती. "मोठ्यावर लक्ष ठेवा," असं मी बजावून सांगितलं. धाकटीवर ठेवा, असं मला सुचलंही नाही.

आणि औषध लागू पडलं. आठव्या दिवशी अक्का दुकानात शिरल्या त्या हसतच. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "जेवला!" म्हणाल्या. "ती पुढं पळतीय, हा मागं. लई मज्जा बघा." चार-पाच महिने असेच गेले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आपण जोडी जमवली, असं मी गिऱ्हाइकांना सांगतही होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारणीच्या मोबाइलवरून अक्कांचा फोन आला. "अण्णा, ती त्याला मारतीय." मी कुंभारीला गेलो. एका खोलीचं घर, आत चूल-भांडी, दाराशी टाकी आणि टाकीवर तंबाखूची धूळ पडू नये म्हणून लुगड्याचा धुतलेला तुकडा. तो बाजूला केला तेव्हा दिसलं. मादीनं एका उलट्या मडक्यात अंडी घातली होती. टाकीत तिच्या जातीचा नर नव्हता, ती अंडी फळणार नव्हती, तरी ती त्यांची राखण करत होती. तिच्या पाचपट मोठा ऑस्कर एका कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. त्याचे पर फाटले होते, आणि एका डोळ्यावर पांढरं आलं होतं.

"अक्का, हिला मी घेऊन जातो," मी म्हणालो.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती न्हेली, आन ह्यानं परत जेवण सोडलं तर?"

तेव्हा मी ऐकायला नको होतं. मादी उचलून पिशवीत घालायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी टाकीत मधोमध काच बसवली आणि मधला मार्ग काढला म्हणून समाधानानं परत आलो.

अर्ध्या टाकीत ऑस्करला धड वळता येत नव्हतं. पाणी लवकर खराब होऊ लागलं, बदलायला पाणी पुरेना. त्यानं पुन्हा खाणं सोडलं. अक्कांनी फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "रविवारी येतो, मोठी टाकी बघू." रविवारी काहीतरी काम निघालं. पुढच्या रविवारीही निघालं. काय काम होतं, ते आज आठवतसुद्धा नाही. त्या मधल्या दिवसांत अक्कांनी आपल्या हातानं काच काढली.

त्यानंतर एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्या दुकानात आल्या. हातात झाकण घातलेली प्लास्टिकची बादली. कुंभारीपासून ती मांडीवर धरून आणली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "वाचवा की अण्णा," एवढंच म्हणाल्या.

मी त्याला वेगळ्या टाकीत घेतलं. मीठ घातलं, औषध घातलं, हवेचा पंप वाढवला. काच निघाल्यावर मादीनं त्याचे दोन्ही डोळे फोडले होते. अक्का तीन दिवस सकाळच्या बसनं येऊन टाकीसमोरच्या स्टुलावर बसायच्या. विड्या वळायचं सूप घरी राहिलेलं, हातांना करायला काही नाही. त्या काचेवर बोट ठेवून "बिड्डा, बिड्डा" म्हणत, आणि आंधळा मासा आवाजाकडं, की काचेच्या त्या थरथरीकडं, हळूहळू येई. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर श्रीनूचा नंबर होता. "लावा की. त्याला सांगाय पायजे."

मी नंबर लावला, आवाज मोठा केला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईचा आवाज सांगू लागला. अक्कांनी तो पूर्ण ऐकून घेतला. त्यांना मराठी कळत नव्हतं असं नाही. मग माझ्या हातातला फोन तोंडाजवळ ओढून त्या तेलुगूत बोलल्या, बराच वेळ. मला 'बिड्डा' तेवढं कळलं. फोन तर कधीच कटला होता. बोलून झाल्यावर त्यांनी तो पदरानं पुसून मला परत दिला.

मी म्हणालो, "अक्का, चूक माझी आहे."

"तुमची कशी?" त्या म्हणाल्या. "सोबत मीच मागितली की."

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या कुणाच्या तरी हाती त्यांनी ती मादी बरणीतून पाठवून दिली. स्वतः आल्या नाहीत. मी फोन केला नाही. काय बोलणार होतो? दीड महिन्यानं दुकानात ऑस्करची नवी पिल्लं आली. त्यातलं एक, तांबूस डागांचं, मी पिशवीत बांधलं आणि गाडीला किक मारली. अक्का काय म्हणतील, आपण काय म्हणायचं, याची वाटेत जुळवाजुळव करत होतो.

खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात विड्या वळत बसली होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "अक्का भिवंडीला गेल्या. पोराला हुडकायला."

"कुणाकडं? पत्ता आहे का?"

"पत्ता कुटला?" ती म्हणाली. "आमी लई आडवलं. म्हणाल्या, मासा होता तवर घर सोडता येत नव्हतं, त्याला कोण बघणार? आता मोकळी हाय मी."

"फोन बिन आला का?"

"न्हाय की. म्हैना झाला."

मी तिथंच उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि हातातल्या पिशवीतलं पाणी तापायला लागलं होतं.