फौजदारबाईंनी पकडलेली थाप

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंना पेशंट मंडळी पाठीमागे फौजदारबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही. पिणारा माणूस आईची शपथ घेऊनसुद्धा बिनदिक्कत थाप मारतो, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्या मनात निकाल लावून मोकळ्या होत. त्यांना शेंडी लावणं सोपं नव्हतं. याचाच त्यांना फार अभिमान, आणि नेमकं तिथंच त्यांचं चुकलं.

रंगारी आला तो थोरल्या बहिणीबरोबर. परांचीवरून पडून डोक्याला जबर मार बसलेला. टाके केव्हाच सुकले होते, बोलणं-चालणं वरवर ठीक होतं.

बहीण म्हणाली, "बाई, पडल्यापासून हा काहीबाही सांगतो. खरं कुठलं ते त्यालाच कळत नाही. जरा सांभाळून घ्या."

"सगळ्यांच्या बहिणी हेच सांगतात हो," बाई म्हणाल्या.

केंद्राचा नियम असा, की रजेवरून परतलेल्यानं सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून घरी काय केलं ते सांगायचं. पिऊन आला तर एक वेळ माफी, पण खोटं बोलला तर घरची वाट. रंगारी रजेवरून आला आणि ऐटीत उभा राहिला. दाजींबरोबर न्हाव्याकडे गेलो, वाटेत जुना मुकादम भेटला, त्यानं शाळेच्या भिंतींचं काम देऊ केलं, रंगसुद्धा ठरला, फिकट हिरवा. बाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस कानांवर आले होते. त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, तो दिवसभर घरात झोपून होता, दारूला शिवलाही नव्हता.

"मग खोटं कशाला बोललास?"

"खोटं नाही बाई. मुकादम भेटला ना."

डोळ्याला डोळा भिडवून बोलला. इतका निर्ढावलेला माणूस आपण पाहिला नाही, असं बाईंना वाटलं.

न्यायला आलेली बहीण काकुळतीला आली. "इथून काढलंत तर तो सरळ गुत्त्यावर जाईल. आम्ही दोघं कामाला गेल्यावर त्याला धरून कोण ठेवणार?"

बाई बधल्या नाहीत. नियम म्हणजे नियम. त्याची पिशवी त्यांनी शिपायाच्या हाती पाठवली, स्वतः खुर्चीतून उठल्याही नाहीत.

पुढे केंद्रात मेंदूच्या डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की डोक्याला मार लागलेल्या काहींच्या आठवणींत भोकं पडतात आणि मेंदू ती आपली आपण बुजवून टाकतो. त्या माणसाच्या लेखी ते खरंच घडलेलं असतं. अशाला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारायचा नसतो. थोडं थोडं बोलायचं, तेच तेच न कंटाळता सांगायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं. बाकीचे माना डोलवत होते. बाईंनी नोंदवहीतून रंगाऱ्याचा पत्ता उतरवून घेतला.

त्याच आठवड्यात त्या पत्ता शोधत गेल्या, त्याला परत न्यायचंच असं ठरवून. दार बहिणीनं उघडलं. रंगारी खिडकीपाशी खुर्चीत होता, एक हात मांडीवर लुळा पडलेला. पिऊन जिन्यावरून पडला होता. बहिणीनं काम सोडलं होतं.

"आता न्यायचं काय राहिलंय, बाई?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईंना तो हवा होता.

त्या त्याच्यासमोर बसल्या. माफी मागायला शब्द जुळवत होत्या, तोच तो ओळखीचं हसला आणि जड जिभेनं बोलू लागला.

"ताई, ह्या आमच्या बाई. मी बरा झालो तेव्हा फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. पिशवीसुद्धा ह्यांनीच धरलेली. म्हणाल्या, कधीही ये, तुझी कॉट ठेवते."

जन्मभर थापा पकडणाऱ्या बाईंनी बहिणीकडे पाहिलं.

"असू द्या," बहीण म्हणाली. "रोज सांगतो तो. मी कधी खोडून काढलं नाही."