उरलेल्या पैशांचा सोनचाफा

मंडईत एका बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, हातातली उरलेली नाणी फुलवालीपुढे धरली आणि विचारलं, "मावशी, एवढ्यात सोनचाफा किती येईल?"

"तीन. पण चार घे, तुझं तोंड बघून दिलं."

दोघी हसल्या. मी तिथेच रेंगाळलो.

माझ्या पगारातून आधी कर कापला जाई. मग घरभाडं, वाणी, दूध, मुलीची फी. हे सगळं भागून जे उरे, त्याला माझी पत्नी सुमन 'आपले पैसे' म्हणायची. मी ते लगेच मुदतठेवीत टाकायचो. एकदा तिने हट्टाने त्यातून सोनचाफा आणला, तर मी ती फुलं पाणी भरलेल्या बाटलीत घालून वर घट्ट बूच लावलं. चांगली आठवडाभर राहिली.

"टिकली हो," ती म्हणाली, "पण वास कुठे आला?"

सुमनला जाऊन आता वर्ष होईल. एकट्याचा खर्च तो केवढासा! पेन्शनमधलं बरंच उरतं. त्याला 'आपले पैसे' म्हणणारं माणूस तेवढं उरलं नाही.

"काका, तुम्हाला किती?"

"आहेत तेवढी दे."

"बाटलीत घालून ठेवा बरं का, टिकतात."

"माहीत आहे," मी म्हणालो.

घरी येऊन फुलं उघड्या ताटलीत, सुमनच्या खुर्चीशेजारी ठेवली. संध्याकाळी वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. उद्या ती काळवंडतील. उद्या पुन्हा मंडईत जाईन.