रसदवाला जनरल

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पणजोबा फौजेत होते ना, मग कुठल्या लढाईत लढले?" शाळेत सांगायचं होतं म्हणे. मी तेव्हा विषय बदलला. एका वाक्यात मावणारं उत्तर नव्हतं, म्हणून आता लिहिते.

ते कुठल्याही लढाईत लढले नाहीत. ते रसद खात्यात हवालदार होते. जवानांचं पीठ, डाळ, तेल आणि खेचरांचा चारा पुढच्या ठाण्यांवर पोचवायचं त्यांचं काम. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात त्यांना 'पीठवाला हवालदार' म्हणत. ते हसण्यावारी नेत, पण त्यांना लागायचं.

ऐंशीच्या दशकात आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा वीज केंद्रात होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. मामाजी, म्हणजे माझे सासरे आणि तुमचे पणजोबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. त्याच सुमारास गावाहून निरोप आला, की विहारासमोर माजी सैनिकांचा सत्कार आहे.

"मी नाई जात," मामाजी म्हणाले. "लोक इचारतीन, किती मारले? मी काय सांगू, किती पोळ्या?"

डोळ्यावर पट्टी, त्यामुळे त्यांचा वेळ जाईना. माझ्याकडे शाळेने रद्दीत काढलेलं एक जाड इंग्रजी चरित्र होतं, एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचं. तरुणपणी तो पलटणीतून रसद खात्यात गेला आणि शेवटी जनरल झाला. रोज दुपारी मी एकेक प्रकरण मराठीत सांगू लागले. तांदूळ, बैल, चारा यांनी भरलेली पानं मात्र गाळत होते. फौजी माणसाला लढायाच आवडणार, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला. "थांब, बाई. हे फौज चार दिवसापासून डोंगर चढून राह्यली. खाल्लं काय तिनं?"

"ती पानं सोडली मी, मामाजी. त्यात नुसते बैल आणि पोती आहेत."

"काऊन सोडले? माहं तर तेच काम होतं!"

मला लाज वाटली. मागे जाऊन सगळं वाचलं. गाडीरस्ता संपल्यावर त्या अधिकाऱ्याने पोती बैलांच्या पाठीवर लादली होती. बरोबरचे अधिकारी त्याला किराणावाला म्हणून चिडवत. पुढे पाऊस लागला आणि बैल पटापट मेले. कशाने, ते पुस्तकात नव्हतं. मामाजी उठून बसले.

"वल्ली तणीस चारली असन त्यानं! बुरशी लागते तिले. धानाच्या गावात कोनी बी सांगन. लिही तिथं."

तणीस म्हणजे भाताचा पेंढा. मी समासात पेन्सिलीने लिहिलं: ओली तणीस. मग पानापानावर त्यांच्या दुरुस्त्या सुरू झाल्या.

पुढच्या मोहिमेत त्या अधिकाऱ्याने फौज निघण्याआधीच वाटेवर कोरडा चारा झाकून ठेवला. फौज धडपणे पोचली. तिथून तो हुद्द्याने वर चढत गेला.

शेवटचं पान झालं तेव्हा मामाजींनी विचारलं, "तलवार कधी उपसली त्यानं?"

"कधीच नाही."

"तरी जनरल?"

"तरी जनरल."

मामाजी म्हणाले, "चामोर्शीची बस किती वाजता हाय?"

सत्काराला आम्ही सगळे गेलो. अपेक्षेप्रमाणे मागून कोणीतरी ओरडलंच, "पीठवाले भाऊ, किती मारले?"

मामाजींनी माईक ओढून घेतला. "एक बी नाई. पन माह्या ठान्यावर एक बी उपाशी नाई झोपला." त्यानंतर ते खेचरांवर इतकं बोलले, की अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मामाजी गेले, सत्काराची शाल विरली. पुस्तक माझ्या कपाटात आहे, आणि त्यातली पेन्सिलीची अक्षरं अजून वाचता येतात.