आत्याच्या आवाजावर दावा

नणंदेचा फोन आला तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत बसले होते.

“वहिनी, आईचा व्हिडिओ लागत नाय गं. सकाळपासनं नुसता काळा पडदा येतोय.”

“रेंज नसेल तिकडे.”

“रेंज हाय. बाकीचं सगळं लागतंय. आईचंच लागत नाय.”

तिची आई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहते. आत्या धवलारीण. आमच्याकडे मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंतचे विधी धवलारीण धवळे गाऊन करते. देवांना, पितरांना, वेशीला, उंबराला लग्नाचं बोलावणं जायचं ते आत्याच्या गळ्यातून. तिला अक्षरओळख नाही. सगळे धवळे तोंडपाठ.

मी पोशीरला शिवणकाम करते आणि जोडीला एक व्हिडिओ चॅनेल चालवत होते. ब्लाउजचे गळे, तांदळाच्या भाकऱ्या, असलं काहीबाही. एका उन्हाळ्यात आत्याकडे राहायला गेले होते. ती पडवीत तांदूळ पाखडत होती. मी मोबाईल समोरच्या पिंपावर टेकवला आणि म्हटलं, “आत्या, गा ना.”

“मांडव नाय, नवरी नाय. गाऊ कुणाला?”

“मला.”

ती हसली. मग सूप बाजूला ठेवून जी गायला लागली ती उन्हं कलेपर्यंत. तीन दिवसांत तीन लांबलचक व्हिडिओ झाले. मध्ये कोंबडी ओरडते, कुणीतरी पाणी मागतं, ती तसंच गात राहते. ते मी चॅनेलवर टाकले. लिहून घ्यायचं मनात आलं होतं, पण वाटलं, व्हिडिओ आहेत ना, होईल सावकाश.

दुसऱ्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. नणंद आईला सांभाळायला माहेरी येऊन राहिली. रोज सकाळी चहा पाजला की ती मोबाईलवर आईचाच व्हिडिओ लावायची. आत्याचे ओठ हलायचे. डाव्या हाताने ती खाटेच्या कडेवर ठेका धरायची. आवाज फुटायचा नाही, पण तेवढा वेळ ती आमच्यातली असायची.

तो व्हिडिओ आता लागत नव्हता.

चॅनेलच्या नावाने एक मेल येऊन पडला होता, तो उघडला. इंग्रजीतला होता, मोबाईलवरच मराठी करून वाचला. माझ्या व्हिडिओतला आवाज एका म्युझिक कंपनीच्या मालकीचा आहे, त्यांच्या मागणीवरून तो सगळीकडे बंद केला आहे. खाली त्यांच्या गाण्याचं नाव होतं. ते लावलं. ढोल, बँजो, धडाधडा बीट, आणि त्यावर आमची आत्या. हेच गाणं मी कशेळ्यातल्या एका हळदीत ऐकलं होतं. पोरी त्यावर नाचत होत्या आणि मी बाजूच्या बाईला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, “ही आमची आत्या!”

नवरा कामावरून आला तेव्हा त्याला सगळं दाखवलं. तो म्हणाला, “अगं, आपला व्हिडिओ आधीचा हाय. लिही त्या साइटवाल्यांना.”

लिहिलं. ही बाई माझी आत्येसासू, हा तिचा आवाज, हे गाणं तिच्या आईकडून तिला आलेलं, व्हिडिओ मी स्वतः काढलेला. चार दिवसांनी उत्तर आलं, दावा कायम. नंतर कळलं की साइटने माझी तक्रार त्या म्युझिक कंपनीकडेच पाठवली होती. ज्याने वस्तू नेली त्यालाच विचारायचं, बाबा, ही तुझीच ना? तो नाही कशाला म्हणेल?

मी परत अपील केलं. ते करायला नको होतं. अपील केल्यावर बंद व्हिडिओ काढूनच टाकला गेला आणि चॅनेलला एक ताकीद लागली. त्याच आठवड्यात बाकीच्या दोन्हींवरही दावा आला, तेही गेले, आणखी दोन ताकिदी लागल्या. अशा तीन ताकिदी झाल्या की अख्खं चॅनेल जातं. सात दिवसांची मुदत आली.

मूळ चित्रीकरण माझ्याकडे नव्हतं. जुन्या मोबाईलची जागा भरली म्हणून ते मीच पुसलं होतं, आणि तो मोबाईल देऊन नवा घेतला होता. पुढे कर्जतच्या एका मोबाईलवाल्याने सांगितलं, “ताई, नुसता ब्लॉक होता तेव्हाच उतरवून घ्यायचा. तुमाला तुमच्या खात्यातनं मिळाला असता.” मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसांत मी वाद घालत बसले होते, आणि व्हिडिओ तिथेच होता, हाताशी.

ज्या डीजेने गाणं केलं तो लोधिवलीचा निघाला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मोटारसायकलवरून त्याच्याकडे गेलो. मनात शिव्यांची तयारी करूनच गेले होते. तो पंचविशीतला. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, बायकोला चहा टाकायला सांगितला.

“चोरी केलीस तू,” मी म्हटलं.

“नाय ताई. तुमाला विचारलेलं.” त्याने मोबाईलमधला जुना फोटो दाखवला. माझ्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं होतं, ‘ताई, हळदीच्या गाण्यात वापरू का?’ आणि खाली मी. ‘वापरा की दादा.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मला मान वर करवेना.

“मी फक्त हळदीत वाजवायचो,” तो म्हणाला. “मग कंपनीवाले आले, सही घेतली. आता माज्या चॅनेलवर मीच टाकलेलं गाणं पण उडवलं त्यांनी. फोन उचलत नायत.”

त्याने जे होतं ते पेनड्राइव्हवर दिलं. आत्याच्या चार ओळी. पूर्ण व्हिडिओ त्यानेही ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीपने आत्याकडे गेले. खाटेजवळ बसून त्या चार ओळी लावल्या. बीटवर बसवायला त्याने आवाज चढवला होता, वेग वाढवला होता. आत्याने जरा वेळ ऐकलं. ओठ हलले नाहीत. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बंद कर वहिनी,” नणंद म्हणाली. “तिला वळखू येत नाय.”

आठव्या दिवशी चॅनेल गेलं. गळे गेले, भाकऱ्या गेल्या, त्यांचं काही नाही. मी किती मेल लिहिले ते मोजले नाहीत. प्रत्येकाला तेच उत्तर, तेच आभार. कधीतरी एखादा माणूस वाचेल म्हणून मी शेवटी शेवटी मराठीतच लिहायला लागले. ती बोलू शकत नाही हो, एवढंच ऐकायची ती. नवरा म्हणाला, “मशीनसमोर रडून काय हुणार गं?” मला ते कळत होतं. तरी लिहीत होते.

ते हळदीचं गाणं अजून वाजतं. या लग्नसराईत नेरळच्या बाजारात टेंपोवर लागलं होतं. मी कापड घ्यायला गेले होते, न घेताच परतले.

आता दर रविवारी मी आत्याकडे जाते. वही घेऊन बसते आणि आठवतात तेवढे धवळे तिच्यासमोर म्हणते. माझा गळा बरा नाही, आणि आठवतं तेही तुटक. बरोबर असेल तिथे तिची डाव्या हाताची बोटं हलतात. चुकलं की ती डोळे मिटून घेते. मी थांबते, दुसरा शब्द घालून बघते, तिसरा बघते. ती डोळे उघडत नाही. बरोबर शब्द तिच्या तोंडाशी असतो, ते मला दिसतं, आणि तो ना तिला सांगता येत, ना मला काढून घेता येत.

गेल्या रविवारी एका ओळीवर आम्ही दुपारभर अडलो. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नणंदेने वही माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “र्‍हाऊ दे आज.”