पाइपातल्या दोन पारंब्या

बडोद्याला वडांची वानवा नाही, गावाच्या गुजराती नावातच वड बसलाय. पण गोरव्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा वड मी मारला. होय, मीच. बाकीचे वादळाला नावं ठेवतात, ठेवू देत.

आमचे हे इथल्याच एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाले आणि त्यांना त्या वडाचं वेड लागलं. एक जाड फांदी रस्त्याकडे वाकली होती. तिच्या दोन पारंब्या त्यांनी पाइपात सोडल्या, पाइपात माती भरली आणि रोज सकाळी तांब्याने पाणी घालू लागले. पारंबी जमिनीत रुजली की तिचंच खोड होतं, फांदीला टेकू मिळतो, हे मला किती वेळा ऐकवलं असेल! मी म्हणायची, "अहो, नातवंडाचं करावं तसं करताय." ते म्हणायचे, "तू सात जन्म मागतेस ना? याचा हा एक तरी नीट जाऊ दे."

वटपौर्णिमेला सोसायटीतल्या आम्ही सगळ्या, मराठी काय नि गुजराती काय, तिथेच सूत गुंडाळायचो. पुढारपण अर्थातच माझ्याकडे. फेऱ्या घालताना ते पाइप मध्ये यायचे, पदर अडकायचा, खाली चिखल. एका वर्षी शेजारच्या बेन पूजेचं ताट घेऊन आपटल्या आणि माझं डोकंच फिरलं. पूजेची जागा कशी लख्ख हवी! हे भाच्याच्या लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेले तेवढ्यात मी पाइप उपटवले, पारंब्या छाटल्या आणि खोडाला भिडवून सिमेंटचा गोल ओटा घालून घेतला. कामगारांना दोनदा चहा पाजला.

हे परत आले ते फाटकातच उभे राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. "त्याचे पाय कापलेस गं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन हातपाय धुतले. मी वर तोंड करून म्हटलं, "तुमच्याच आयुष्यासाठी चाललंय ना सगळं!" जळलं मेलं माझं तोंड.

दोन पावसाळ्यांत पानं पिवळी पडली. फळं धरेनात, मग पाखरंही फिरकेनात. माळी म्हणाला, मुळं गुदमरलीत. मी ओटा फोडून घेतला, खत घातलं, त्यांच्याच तांब्याने पाणी घालत राहिले. त्याच सुमारास यांची उजवी बाजू गेली. पलंग मागच्या खोलीत, खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते. रोज विचारायचे, "वड?" मी सांगायची, "पालवी फुटलीय." दुसरं काय सांगणार होते?

यंदा जेठात वादळ झालं. टेकू नसलेली ती फांदी खोड चिरत खाली आली. दुसऱ्या दिवशी करवती लागल्या, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी. यांना म्हटलं, समोरच्या बांधकामाचा आवाज आहे. त्यांनी मान हलवली. चला, निभावलं, असं मला वाटलं.

वटपौर्णिमेला बेननी बाजारातून वडाची फांदी आणून दिली. फांद्या तोडून आणणाऱ्या बायकांना दरवर्षी फैलावर घेणारी मी, ती फांदी स्वयंपाकघरात कळशीत खोचून बसले. सुताचा पहिला वेढा घातला आणि आतून हाक आली.

"फेऱ्या?"

"झाल्या," मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं. "आताच आले जाऊन."

बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलले. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "करवत होती ती. ओल्या लाकडावरची. मशीनवरचा माणूस मी." पुढे म्हणाले, "माझ्यासाठी... आता मागू नकोस." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी सूत सोडवून ठेवलं. मागायचं तरी कुणाकडे? फाटकाजवळ आता स्कूटर लावतात.