न दुखणारा हात

माझ्या लेकीने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बेबीचं ते दात येण्याचं वय, हाताला लागेल ते तोंडात घालायची. संध्याकाळी तांदूळ धुताना बाही वर सारली, तर डाव्या कोपराखाली तिच्या दातांची गोल खूण उमटलेली दिसली. एके ठिकाणी रक्तही साकळलं होतं. खूण नेमकी त्या डागावर होती. फिकट, तांबूस कडांचा तो डाग काही महिन्यांपासून मला दिसत होता. उन्हाने झाला असेल, अंगात रक्त कमी असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. आता मी केसातली पिन काढून डागावर टोचली. मग जरा जोराने टोचली. काहीच कळेना. तांदूळ तसाच पाण्यात राहिला.

मी मिशनच्या आवारात वाढलेली मुलगी. आमच्या गावाबाहेर महारोग्यांची वस्ती होती. रविवारी ती माणसं उपासनेला यायची, पण दाराजवळच्या वेगळ्या बाकांवर बसायची. त्यांच्यातल्या एकीची तान्ही मुलगी तिच्यापासून काढून मिशनच्या बोर्डिंगात ठेवली होती. ती बाई कुंपणाबाहेरून मुलीकडे बघत उभी राहायची, आणि आम्ही पोरी तिला बघून पळायचो. आई सांगायची, डाग आला आणि तो बधिर झाला की समजावं. त्यामुळे मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्या घडीपासून मला एकच भीती लागली, माझी बेबी माझ्यापासून काढून घेतील.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहत होतो. निर्वासितांच्या छावणीला हे नाव पडून काही वर्षं झाली होती. हे अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. जवळ पडतं म्हणून एका जुन्या लष्करी बराकीचा तुकडा आम्ही भाड्याने घेतला होता. बराक लांबलचक, मध्ये फळ्यांचे आणि गोणपाटांचे आडोसे, आणि प्रत्येक आडोशापलीकडे एक सिंधी कुटुंब. पलीकडे कोण खोकलं, कोणाची भाजी करपली, सगळं सगळ्यांना कळे. अशा ठिकाणी मला माझं गुपित लपवायचं होतं. मी लांब बाह्यांची पोलकी शिवली आणि भर उन्हाळ्यात घालून फिरू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चोराच्या मनात चांदणं असतं, तसं मला वाटे की नळावरच्या सगळ्या बायका माझ्या बाहीकडेच बघताहेत.

बेबीला मी जवळ घेणं बंद केलं. तिला खाऊ वाटीत घालून पुढे सरकवायची. रडली तर शेजारच्या अम्मांना हाक मारायची. अम्मा या सिंधमधल्या शिकारपूरकडच्या म्हाताऱ्या विधवा. दिवसभर दाराशी बसून पापड लाटायच्या आणि ते दुकानांना द्यायच्या. त्यांना वाटे, मला पुन्हा दिवस गेले असतील म्हणून मी मुलीला उचलत नाही. मी ते तसंच वाटू दिलं. रात्री बेबी माझा पदर शोधत सरपटत यायची आणि मी तिला यांच्या कुशीत ढकलायची. थोड्या दिवसांनी तिने येणंच सोडलं. ते मला हवंही होतं आणि त्यानेच माझा जीव जात होता.

देवाशी माझं बोलणं म्हणजे नुसता हिशेब झाला होता. कोणत्या पापाची ही शिक्षा, हे मी शोधत बसायची. जावेचा हेवा केला होता, आईशी खोटं बोलले होते, त्या कुंपणाबाहेरच्या बाईला हसले होते. तांदळातला खडा शोधावा तसं मी माझं सगळं आयुष्य निवडून काढलं. प्रत्येक खड्याची क्षमा मागितली आणि रोज सकाळी डागाला पिन टोचून बघितली. क्षमा मिळाली असती तर दुखलं असतं, असं माझं गणित होतं. डाग वाढत गेला. करंगळी आणि तिच्या बाजूचा तळहातही जड वाटू लागला.

अंबरनाथला आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी एका भाड्याच्या खोलीत उपासनेला जमायची. प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचा एकच प्याला हातोहात फिरायचा, त्यातून सगळे एकेक घोट घ्यायचे. माझ्याकडे आला की मी ओठ न लावता पुढे द्यायची. माझं उष्टं कोणाला लागू नये, ही एक भीती. आणि अशुद्ध माणसाने त्या प्याल्यातून पिऊ नये, ही दुसरी. लोकांच्या ते लक्षात आलं. आमच्यात प्याला नाकारणारा माणूस मनात पाप लपवून असतो असं धरतात. बायका माझ्याशी बोलताना शब्द तोलू लागल्या. पाळकसाहेब एकदा घरी येऊन गेले, नवराबायकोत काही आहे का असं आडून विचारून गेले. हे बिचारे गोंधळले. मी गप्प राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

शेवटी मी ठरवलं की आपणच निघून जायचं. पकडून नेण्याआधी आपण जावं, म्हणजे निदान मुलीला बट्टा लागणार नाही. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. एका सकाळी हे कामावर गेल्यावर मी बेबीला घेऊन अम्मांच्या दाराशी गेले. जरा बाहेर जाऊन येते, हिला सांभाळा, एवढंच सांगायचं होतं. अम्मा निखाऱ्यांच्या शेगडीवर पापड भाजत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नुकतीच चालायला लागलेली बेबी धडपडत शेगडीकडे गेली आणि अडखळली. मी डाव्या हाताने शेगडीची तापलेली कड धरून ती बाजूला ओढली. बेबी मातीवर पडून रडू लागली, पण वाचली. मी तिथेच ओणवी राहून तिच्याकडे बघत होते. मग जळका वास आला म्हणून अम्मांनी नाक वर केलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मी अजून शेगडी सोडलीच नव्हती.

त्यांनी माझं मनगट धरून हात ओढला. तळव्याची कड पांढरी पडली होती. मी ओरडले नव्हते, साधं हायसुद्धा म्हटलं नव्हतं. आता माझ्या लक्षात आलं की अम्मांना सगळं कळलंय. मी हात सोडवायला लागले, त्या सोडेनात. त्यांनी बाही वर केली, डाग बघितला, माझा हात पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि तसाच धरून बसल्या.

हात धरूनच त्या बोलल्या. "मेरे छोटे भाई को था. बाग में झोपड़ी बना के रखा था उसको. मैं रोटी दूर से रखती थी."

मी म्हटलं, "अम्मा, हात छोड़ो. आपको लगेगा."

"जब सब छोड़ के इधर आए, लॉरीवाला बोला, यह बैठेगा तो कोई नहीं बैठेगा. मैंने उसको बोला, तू बाद में आ." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "उसका हाथ भी नहीं पकड़ा मैंने, बेटी. तेरा नहीं छोड़ूँगी."

मी रडले. महिनोन्महिने जे कोंडलं होतं ते सगळं तिथे, त्या पापडांच्या परातीशेजारी बाहेर आलं. कोणीतरी माझा हात धरला होता, आणि तो धरून बसताना अम्मांना सगळं माहीत होतं.

कॅम्पातल्या एका शिंप्याला असाच डाग होता आणि कल्याणच्या एका दवाखान्यात त्याला गुण येतोय, हे अम्मांनी ऐकलं होतं. त्याच आठवड्यात त्या मला आणि बेबीला टांग्यात घालून तिथे घेऊन गेल्या. यांना अजून सांगितलं नव्हतं. वाटभर मी उतरून पळायचा विचार करत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, माझा तर टांग्यात शेजारी बसला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. मी कापसाचं टोक लावीन, जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं, म्हणाल्या. डोळे मिटून मी वाट बघत राहिले. अंधारात काहीच होईना. आता लावलं असेल, आता नक्की लावलं असेल, असं वाटून मी अंदाजाने बोट ठेवलं. पुन्हा एकदा ठेवलं. मला त्यांना फसवायचं होतं. फसवता आलं तर बेबी माझ्याकडे राहणार होती.

त्या हळूच म्हणाल्या, "बाई, मी अजून हात लावलेलाच नाही."

त्या खुर्चीत माझं सगळं अवसान गळालं. दाखवायला काही उरलं नाही, लपवायलाही नाही. मी म्हटलं, मला काही कळत नाही, कुठेच कळत नाही. ती माझी पहिली खरी प्रार्थना होती असं मला आज वाटतं, जरी ती डॉक्टरीणबाईंपुढे केली होती. आतापर्यंत मी देवापुढेही अंदाजाने बोट ठेवत आले होते.

महारोगच होता. पण त्यांनी समजावलं की या प्रकारचा दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील आणि हाताला भाजण्या-कापण्यापासून जपावं लागेल. बेबीला त्यांनी उघडं करून नीट तपासलं, ती स्वच्छ होती. मी विचारलं, हिला माझ्यापासून दूर ठेवू ना? त्या जरा रागानेच म्हणाल्या, कशाला? मांडीवर घ्या तिला.

परतताना मला बायबलातली प्रभूची आणि कुष्ठरोग्याची गोष्ट आठवली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. आधी प्रभूने हात पुढे केला, त्या रोग्याला शिवला, आणि मग तो रोगी शुद्ध झाला. मी आयुष्यभर ती उलटी वाचली होती. आधी मी शुद्ध व्हायचं, मग प्रभू शिवणार. डाग हे माझं पाप नव्हतं. देवाला मी बराकीचा घरमालक समजले होते, चूक सापडली की सामान बाहेर फेकणारा, हे माझं पाप होतं. आणि ते मला सापडण्याआधीच त्याने शेजारच्या बाईकरवी माझा हात धरला होता.

मग यांना सांगितलं. हे काही दिवस बाहेरच्या बाजूला झोपले. त्यांनाही भीती वाटली, मी त्यांना दोष देत नाही. पुढच्या खेपेला ते स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आले, नाना प्रश्न विचारले, आणि त्या रात्री पांघरूण घेऊन आत आले. पाळकसाहेबांनाही मी सांगितलं. मंडळीतली दोन घरं काही दिवस लांब राहिली, बाकीच्यांनी सांभाळून घेतलं.

कठीण गेली ती बेबी. मी हात पुढे केले की ती अम्मांच्या मागे लपायची. तिचं काय चुकलं? मीच तिला शिकवलं होतं ते. मी रोज दुपारी अम्मांच्या दाराशी जमिनीवर बसायची, ओढणं नाही, हाका नाहीत, नुसते हात पुढे करून. ती लांबून बघायची आणि आपल्या खेळाला लागायची. असे कितीतरी दिवस गेले. एके दुपारी तिने पापडाचा तुकडा चघळत माझ्याकडे टक लावून पाहिलं, डुलत डुलत आली आणि तो ओला तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मग माझ्या मांडीवर बसली. तिचा हात मातीने भरलेला होता, नाक वाहत होतं. मी तिला तशीच उराशी धरली.

आज माझी करंगळी वाकलेली आहे, हात पूर्वीसारखा झाला नाही. प्रभूने तो का बरा केला नाही असं मी विचारत नाही. त्या दुपारी हात पुढे करून बसले असताना माझ्या लेकीने नाक पुसून यावं, हसत यावं, चुकलं म्हणत यावं, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिने फक्त यावं, एवढंच मला हवं होतं. प्रभूलाही माझ्याकडून तेवढंच हवं होतं, आणि तो माझ्यापेक्षा किती दिवस जास्त बसून होता.