भाव शेवटी सांगा

कश्मीरी गेटच्या त्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून मला एकच वाक्य बोलायचं होतं, की भाव आत्ता सांगू नका. घरून निघताना बाबांनी ते माझ्याकडून म्हणवूनही घेतलं होतं. तरी तिथे ते तोंडातून निघेना. दिल्लीत जन्म गेला तरी मला दुकानात बोलता येत नाही. मॉलमध्ये बरं असतं, वस्तू उचलायची आणि पैसे द्यायचे. इथे छताला सायलेन्सर लटकत होते, जमिनीवर गिअरच्या चकत्यांचे ढीग होते, आणि त्या गल्लीत बाई म्हणून मी एकटीच. बाबा मुद्दाम माझ्या मागे, दुकानाच्या पायरीवर थांबले होते.

आम्ही सॉकेट घ्यायला गेलो होतो. सॉकेट म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पोलादाचा तुकडा. त्याच्यावर माझं पानिपत अवलंबून होतं.

पानिपतला चादरी विणणाऱ्या एका कंपनीत मला डिझाइनची नोकरी मिळाली होती. कारखाना स्टेशनपासून लांब, हायवेला लागून. आईचं म्हणणं, ट्रेनने जा आणि पुढे रिक्षा कर. मला आमची जुनी गाडी घेऊन एकटीने जायचं होतं. मी घरात फारसं काही मागत नाही, म्हणून असेल, बाबा लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एक अट घातली. "चाक एकटीने काढून परत बसवून दाखव. मग गाडी तुझी."

पुढच्या रविवारी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरसमोर मी पान्याच्या दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले. नट हलला नाही. आई वरून गॅलरीतून म्हणाली, "अगं, उतर खाली. बस नाही यायची तिथे."

टायरवाल्याने हवेच्या गनने नट इतके आवळले होते की ते बाबांच्या जोरालाही दाद देईनात. "एकदा हे सुटले आणि आपण हाताने हवे तेवढेच आवळले, की पुढे तुला कुठेही सुटतील," बाबा म्हणाले. "पण एकदा सुटायला हवेत."

मागच्या बाल्कनीत बाबांचं वर्कशॉप आहे. एक टेबल, वस्तू घट्ट धरायचा एक शिकंजा, आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढून पोचायचं. तिथे नट सोडवायची, बॅटरीवर चालणारी त्यांची इम्पॅक्ट गन होती, सेलमध्ये घेतलेली आणि जेमतेम वापरलेली. मी जुन्या पेटीतला एक चकचकीत सॉकेट तिच्या तोंडाला लावायला गेले. बाबांनी तो हळूच काढून घेतला.

"हे हाताच्या पान्याचे. गन नुसती फिरवत नाही, ठोके देते. हे पोलाद कडक असतं, ठोक्यांनी तडकलं तर तुकडा डोळ्यात जाईल. गनचे सॉकेट वेगळे. काळे, जाड भिंतीचे, मार खाणारे."

मी त्या संध्याकाळी फोनवर शोधायला बसले. लाल डबा, आत ओळीने मांडलेले काळे सॉकेट, भाव बघून कोणीही हुरळून जावं असा. बाबांना दाखवला.

"किती वेळा वापरणार आपण?"

"वर्षातून तीन-चारदा?"

"मग एवढी पलटण कशाला? आपल्याला लागणाऱ्या मापांचे तीन घेऊ. पण बघून घेऊ."

बाबा सरकारी खरेदी विभागात आहेत. आयुष्यभर ते सर्वांत कमी भावाच्या खुर्चीवर बसून सर्वांत कमी भावाच्या पेनाने सह्या करत आले आहेत. तरीही खरेदीच्या एका रीतीवर त्यांची श्रद्धा आहे. प्रत्येकाने दोन पाकिटं द्यायची, एकात वस्तूचे गुण, दुसऱ्यात भाव. गुणांचं पाकीट आधी उघडायचं. त्यात जो पास होईल, त्याचंच दुसरं पाकीट फोडायचं. ऑफिसात ही रीत कधी पाळली जाते, कधी नाही. घरात मिक्सरपासून गादीपर्यंत सगळं तिच्याप्रमाणेच येतं. आई त्याला 'यांचं टेंडर' म्हणते.

"भैया," काउंटरपाशी मी शेवटी म्हटलं, "एकोणीस नंबर का इम्पॅक्ट सॉकेट दिखाइए. अलग-अलग कंपनी के. दाम अभी मत बताइए."

दुकानदाराने चष्मा वर केला. "बिना दाम के? अच्छा जी. ऐसा ग्राहक तो पहली बार देखा."

त्याने तीन सॉकेट पुढ्यात ठेवले. मी पर्समधून रुमालात बांधलेला नट काढला, टायरवाल्याकडून मागून आणलेला. तो एकेका सॉकेटमध्ये घालून पाहिला. आतला आकार सहा कोनांचा आहे ना, बारा कोनांचा नको, तो नटाच्या कडा खातो. नट आत डुगडुगत नाही ना. भिंत जाड आहे का. आकडा पोलादात कोरलाय की नुसता छापलाय. बाबांनी शिकवलेलं सगळं मी परीक्षेसारखं आठवत होते. दुकानदार आधी हसला, मग हाताची घडी घालून बघत राहिला.

"साहब," तो माझ्या डोक्यावरून बाबांना म्हणाला, "बिटिया सॉकेट देख रही है या आपके लिए दामाद?"

"दामाद की इतनी जाँच कौन करने देता है, भाईसाहब!"

दोघंही मोठ्याने हसले. माझे कान तापले, पण हात थांबले नाहीत. आणि तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली, जी बाबांनी सांगितली नव्हती. तिसऱ्या सॉकेटच्या, गन जिथे बसते त्या चौकोनी भोकाच्या कडेला काळा रंग उडाला होता आणि खालून चकाकी डोकावत होती. हाताच्या पान्याचा साधाच सॉकेट, वरून काळा रंगवलेला. मी तो बाजूला सरकवला. बाबा पायरीवरून पुढे आले, त्यांनी तो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि परत पायरीवर जाऊन उभे राहिले.

"अब इन दोनों का दाम बताइए," मी म्हटलं. या वेळी आवाज नीट आला.

दोघांतला स्वस्त घेतला, आणि त्याच कंपनीचे सतरा आणि एकवीस नंबर. परतताना मी म्हटलं, तो रंगवलेला कितीचा होता कोण जाणे. बाबा म्हणाले, "पास झालेल्यांत स्वस्त ते घ्यायचं. नापास झालेलं फुकटही नको." पलीकडच्या रांगेतल्या दुकानांत तेच सॉकेट आणखी कमीत मिळाले असते का, हे त्यांनी पाहिलंही नाही. मला ते फार आवडलं. ज्या माणसाला ऑफिसात रोज मन मारावं लागतं, त्याने बाहेर इतकं शांतपणे स्वतःसारखं असावं.

रविवारी पुन्हा परीक्षा. बाबा म्हणाले, "मी एक शब्द बोलणार नाही." मी त्यांचा गॉगल चढवला, नवा सॉकेट गनला लावला आणि खाली बसले. बाबा आकाशाकडे बघायला लागले. बाबा आकाशाकडे कधी बघत नाहीत. मी थांबले, सगळं परत आठवलं, आणि उठून, गाडी सरकू नये म्हणून दुसऱ्या चाकाला वीट लावली. त्यांनी मान खाली आणली.

गनचा असा खडखडाट झाला की समोरच्या ब्लॉकमधली माणसं गॅलरीत आली. नट सुटला. मग बाकीचेही. गाडी जॅकवर उचलली, चाक काढलं, परत बसवलं, गाडी खाली घेतली आणि नट हाताच्या पान्याने समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले. उरलेल्या तीन चाकांचे नटही सोडून तसेच हाताने आवळले. सॉकेटवर साधा ओरखडाही नव्हता.

"काय हो, झाली का पास?" आईने वरून विचारलं.

"पहिलं पाकीट पास," बाबा म्हणाले.

"आणि दुसरं?"

"पेट्रोल तिच्या पगारातून."

सोमवारी मी एकटी पानिपतला पोचले. कारखान्याच्या फाटकाशी बरीच माणसं आत शिरत होती. मी गाडी कडेला लावली, मागून पाना काढला आणि नव्या ओढणीचं टोक खांद्यावर टाकून चाकापाशी बसले. चौकीदार धावत आला. "पंक्चर है, मैडम?"

"नहीं. बस देख रही हूँ."

माणसं बघत होती. मी सगळे नट तपासून घेतले. मग घरी फोन केला. आईने जेवणाचं विचारलं, आणि तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, चाक नुकतंच परत बसवलंय, चालवल्यावर नट एकदा परत बघायचे असतात."

"बघितले म्हणावं," मी म्हटलं, आणि आत गेले.